त्याच स्टेशनातून कशी जाते, ते

"मॅडम, तुम्ही रोज त्याच स्टेशनातून कशा काय जाता हो?"

सतरा वर्षांत हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, शेजारणींनी विचारलाय, माईक पुढे करून टीव्हीवाल्यांनी विचारलाय. नोव्हेंबर लागला की जरा जास्तच. परवा ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीने डबा उघडता उघडता विचारला. मी ठेवणीतलं उत्तर दिलं, "डोंबिवलीहून फोर्टला यायचा दुसरा रस्ता सांग, उद्यापासून त्याने येते." ती ओशाळली. मग मलाच लाज वाटली. विचारण्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तुम्हा सगळ्यांनीच कधी ना कधी विचारलंत, म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

२६ नोव्हेंबर २००८ ला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. दहा जण, १६६ मृत, कसाब, ओंबळे. ताजच्या घुमटातून निघणारा धूर तर डोळे मिटले तरी दिसत असेल. सीएसटीवर ५८ माणसं गेली. तिथे तीन दिवस कॅमेरे लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेरगावच्या गाड्यांच्या हॉलमध्ये फरशीवर पेपर पसरून, पिशवीला टेकून बसलेली माणसं होती ती. त्यातले एक अण्णा. माझे वडील.

इथे दुसरा प्रश्न येतो, "तुम्ही होतात का तिथे?" नव्हते. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो. काही महिन्यांनी आम्हा नातेवाइकांना समुपदेशनासाठी बोलावलं होतं. तिथल्या फॉर्मवर एक रकाना होता : प्रत्यक्ष घटनास्थळी हजर होता का? मी 'नाही' लिहिलं. पलीकडची बाई म्हणाली, "मग तुम्हाला आवाजांचा वगैरे त्रास नसेल." खरंच नव्हता. दिवाळीच्या फटाक्यांचं मला आजही काही होत नाही. मी गोळीचा आवाज ऐकलेलाच नाही.

मला त्रास होतो तो रिंगचा. पलीकडे फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाहीये, त्याचा.

अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कुडाळहून आले होते. वय ६८, प्राथमिक शाळेतून निवृत्त. परतीचं तिकीट कोकणकन्येचं होतं. गाडी रात्री अकरा वाजून पाच मिनिटांची, आणि अण्णांनी संध्याकाळी सहापासून घरात "निघूया" लावलेलं. मी हाफ डे टाकून आले होते, पोळ्या लाटत होते, धाकटीला ताप. म्हटलं, अहो अण्णा, अजून पाच तास आहेत. तर म्हणाले, "गाडी आपली वाट बघणा नाय. आपण तिची वाट बघूची." शाळेत पोरांना सांगायचे त्याच सुरात. अखेर पावणेनऊला आम्ही सीएसटीच्या हॉलमध्ये. त्यांनी पेपर पसरला, वर टॉवेल घातला, पिशवीतून काळा चष्मा काढून लावला. आत ट्यूबलाइटचा उजेड, पण डॉक्टरने सांगितलंय म्हणजे लावायचाच. साधारण नऊ-वीसला म्हणाले, "जा गो, तुका उशीर होतलो." आणि मी गेले. फास्ट लोकल मिळाली.

घाटकोपर सोडल्यावर डब्यात एकेकीचे फोन वाजायला लागले. सीएसटीला काहीतरी झालंय. गँगवॉर आहे म्हणे. ठाण्याला चढलेल्या एकीने सांगितलं, स्टेशनात गोळीबार. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली.

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अण्णांचं सिम कुडाळचं. तेव्हा मुंबईचं सर्कल वेगळं होतं. गावाकडच्या सिमवर मुंबईत नुसता आलेला फोन उचलला तरी रोमिंगचे पैसे कापायचे. त्यामुळे अण्णा मुंबईत आले की फोन उचलायचे नाहीत. कोणाचाच नाही. खिशात वाजू द्यायचे आणि ऐटीत सांगायचे, "वाजूदे. वाजण्याचे पैशे नाय." आमचं ठरलेलं होतं : गाडीत बसले की मला एक मिस्ड कॉल द्यायचा. एकच रिंग.

म्हणून रिंग वाजत होती आणि मी स्वतःला सांगत होते, रोमिंग. रोमिंगमुळे उचलत नाहीत. घरी पोचले, टीव्ही लावला. करकरेसाहेब हेल्मेट घालताना दिसत होते, तेच तेच दृश्य. मी हिरवं बटण दाबत होते. फोन वाजतोय म्हणजे चालू आहे, चालू आहे म्हणजे कोणाच्या तरी खिशात आहे, खिशात आहे म्हणजे... असं ते गणित होतं आणि मी ते मन लावून सोडवत होते. नवरा म्हणाला, अगं, एवढे फोन आल्यावर कोणीही उचलेल. मी त्याच्यावर खेकसले, तुम्हाला अण्णा माहीत नाहीत.

सव्वाअकराला गावाहून आईचा फोन आला. लोडशेडिंगमुळे तिला टीव्ही दिसला नव्हता, काहीच माहीत नव्हतं. "बसले गाडयेत?" मी म्हटलं, "बसले. मिस्ड कॉल आला."

हे मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. तिला धक्का बसू नये म्हणून, असं सांगत आले. पण मला वाटतं, कोणाच्या तरी डोक्यात तरी ती गाडी सुटायला हवी होती. आई झोपली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, आणि त्यातल्या एकाच दिवशी, भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "ती एक रात तू माका झोपयलंस." ठपका होता की आणखी काही, मी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

रात्री दोनच्या पुढे फोन उचलला गेला. इतक्या वेळा लावला होता, पण उचलल्यावर बोलायचं काय ते सुचेना. एक पुरुषाचा आवाज. दमलेला, सौम्य. मागे खूप माणसं बोलत होती. "हा नंबर 'ताई डोंबिवली' म्हणून सेव्ह आहे, तुम्ही कोण?" मी म्हटलं, मुलगी. तो जरा थांबला. मग विचारलं, "डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं का त्यांचं?"

झालं होतं. त्या 'होतं'वर मी कितीतरी दिवस अडकून होते. ऑपरेशन झालेलंच होतं, त्याने बरोबरच विचारलं. व्याकरणात चूक नाही.

सकाळी लोकल सुरू झाल्यावर मी आणि नवरा निघालो. हॉलमध्ये शिरलो तेव्हा फरशी धुऊन झाली होती. ओली, फिनेलचा वास. एक माणूस वायपरने पाणी ओढत होता, भिंतीकडेला चपलांचा ढीग. घरी ओल्या फरशीवर पाय दिला की अण्णा ओरडायचे. मी कडेकडेने गेले. नवऱ्याचा हात धरून त्यालाही कडेने घेतलं. मग रुग्णालयात. तिथे कागदावर अण्णांचं वय लिहिलं होतं ४५. मी खिडकीशी भांडले. ६८ आहे हो, अडुसष्ट, निवृत्त शिक्षक आहेत, पेन्शनच्या बुकावर आहे, खोडा ते. वय चुकलंय म्हणजे माणूसही चुकला असेल, एवढी एक फट मला दिसत होती आणि मी तिच्यात बोटं घालून बसले होते. कारकुनाने निमूटपणे खोडून ६८ केलं. फट बुजली.

तर, त्याच स्टेशनातून कशी जाते? पहिल्यांदा गेले ते नऊ-दहा तासांत. तेव्हा कोणी विचारलं नाही, कशी जातेस म्हणून. त्या सकाळी कामावर निघालेल्या लोकांचं फार कौतुक झालं. मुंबई थांबत नाही, मुंबईचं स्पिरिट. त्या लोकलमध्ये मीही होते. मोजलं असेल मलाही स्पिरिटात.

टाळून पाहिलं नाही असं नाही. तीन महिने मी स्लो लोकल पकडून मशीद स्टेशनला उतरायचे आणि तिथून चालत फोर्टला. उन्हातान्हात, हातगाड्या चुकवत. कोणाला सांगितलं नव्हतं. मग मार्चमध्ये, इयर एंडिंगच्या दिवसांत, एका महिन्यात तिसरा लेटमार्क लागायची वेळ आली. तिसरा लागला की एक रजा कापतात, आणि रजा तर सगळ्या दिवसकार्यात संपलेल्या. त्या दिवशी मी फास्ट पकडली. फास्ट मशीदला थांबत नाही. भायखळा सुटल्यावर सरळ सीएसटी. उतरले, मान खाली घालून चालले, ऑफिसात सही केली. संपलं. तुम्हाला वाटतं त्यात धैर्य असेल. लेटमार्क होता.

आणि मी जाते लोकलच्या बाजूने. ती बाजू वेगळी. तिथे त्या रात्री विष्णू झेंडे यांनी अनाउन्सरच्या केबिनमधून लोकांना बाहेर पडायला सांगितलं आणि कित्येकांचे जीव वाचवले. ह्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण एक खरं सांगू? सुरुवातीची काही वर्षं मला त्यांचा रागही यायचा. तो आवाज हॉलमधल्यांसाठी वेळेत आला नाही, म्हणून. येणार कसा? पहिल्या गोळ्या तिथेच सुटल्या. मला हे कळत होतं, तरी राग यायचा.

रागाचंच निघालंय तर बिर्याणीचंही सांगते. खटला चालू होता तेव्हा बातमी आली, कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतोय. लोक मुद्दाम मला येऊन सांगायचे, तुमचं रक्त नाही उसळत? उसळायचं. घरी मटण करणं मी बंद केलं होतं. २०१५ साली खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी स्वतःच सांगितलं, बिर्याणी मागितलीही नव्हती आणि दिलीही नव्हती, लोकांची सहानुभूती त्याच्याकडे झुकू नये म्हणून आपण ते रचलं होतं. खटल्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबर असेलही. पण मी ती बिर्याणी काही वर्षं उरावर वागवली होती हो. ती कोणाला परत करायची?

२१ नोव्हेंबर २०१२, फाशी. येरवडा, सकाळचे साडेसात. मी डबे भरत होते. दुपारपर्यंत एका वार्ताहराने गाठलं, मी म्हणाले, "आज अण्णांना न्याय मिळाला." छापून आलं, फोटोसकट. ते वाक्य आज मी बोलेन का? नाही बोलणार. पण ते खोटं होतं असंही म्हणवत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मला चार वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली होती. ह्याचं काय करायचं?

त्याच मुलाखतीत त्याने विचारलं होतं, वडिलांशी शेवटचं काय बोललात? मी म्हटलं, "गाडीत बसलात की मिस्ड कॉल द्या." सगळ्यांना हेच सांगत आलेय. तुम्हालाही सांगितलं असेल.

ते आमचं घरी, दारात चपला घालताना बोलणं झालं होतं. स्टेशनात, निघताना, मी म्हणाले होते, "बसा आता दोन तास फरशीवर, हौस आहे ना." अण्णा हसले होते. चष्म्यामुळे डोळे दिसले नाहीत, पण हसले होते. माझी मुलगी म्हणते, आई, असं सगळेच बोलतात गं घरच्यांना. बोलतात ना. म्हणूनच तर इतकी वर्षं ते वाक्य बदलून सांगायची काय गरज होती, हे मी मला विचारते. आणि ते हसले होते हेही मी नंतर घातलंय की काय, अशी हल्ली शंका येते.

२०२५च्या एप्रिलमध्ये त्या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा, त्याला अमेरिकेतून आणलं, पुन्हा फोन सुरू झाले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, पहलगाम. २६ माणसं, त्यातले तिघे आमच्या डोंबिवलीचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुम्ही जा ना त्यांच्याकडे, तुम्हाला सुचेल काय बोलायचं ते. भागशाळा मैदानात गर्दी होती. मी कडेपर्यंत गेले आणि परत आले. त्या बायकांनी, मुलांनी डोळ्यांदेखत पाहिलेलं. मी फक्त फोन लावत बसलेली. मी त्यांना काय सांगणार होते? माझ्या फॉर्मवर तर 'नाही' लिहिलेलं.

हल्ली एवढंच करते की परतताना कधीकधी लोकलकडे वळण्याआधी हॉलमधून एक चक्कर मारते. मेटल डिटेक्टरच्या चौकटी कोणासाठीही वाजत असतात, कोणी वळून बघत नाही. मागच्या मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ फरशीवर बसले होते, सोबत अण्णांची होती तशाच आकाराची पिशवी. त्यांनी मला थांबवून विचारलं, "ताई, कोकणकन्या कुठच्या प्लॅटफॉर्माक लागतली?"

सव्वासात वाजले होते. मी म्हटलं, "काका, गाडी अकराची आहे. अजून बोर्डावरसुद्धा आली नाही. इतक्या लवकर कशाला आलात?" आवाज चढला माझा. आजूबाजूचे बघायला लागले.

"असूदे गो," ते म्हणाले, "बसतंय." आणि मला जागा द्यायला पेपर थोडा सरकवला.

माझी फास्ट लागली होती. मी पळाले.