गौरींसाठी शेपूची भाजी

भाद्रपदात गौरी येतात त्या संध्याकाळी त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. पुरणपोळी आणि बाकीचा सगळा थाट दुसऱ्या दिवशी, पूजेला. ठाण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. वर्षभर पालेभाजी आमच्या डब्यात एका कोपऱ्यात बसते, पण आवाहनाच्या दिवशी फोन तिच्यासाठीच येतात. कोणाकडे शेपू, कोणाकडे मेथी, कोकणातल्या काही घरांना लाल माठ हवा असतो. ज्याच्या त्याच्या घरची रीत. बऱ्याच घरांत नैवेद्याला कांदा-लसूण चालत नाही, म्हणजे सगळी भिस्त हिंग, हिरवी मिरची आणि पाल्यावर.

मी सांगते आहे त्या वर्षी साठ घरांची मागणी होती, बहुतेक शेपूची. आदल्या रात्रीपासून पाऊस धो धो कोसळत होता. कल्याणच्या बाजारातून सकाळी सातला येणारी भाजी अकरा वाजून गेले तेव्हा दारात उतरली. गोणपाट उघडलं तर प्रत्येक जुडीतून पाणी ठिबकतंय, मुळांना चिखल तसाच. पाच वाजल्यापासून लोक डबे न्यायला येणार होते.

मदतीला एक आचारी काका बोलावले होते. लग्नाच्या पंगती उठवलेला माणूस, हाताला चव मोठी. त्यांनी भाजीचा ढीग बघितला आणि म्हणाले, "ताई, वेळ नाही आता. मोठी कढई चढवा, दोन घाण्यांत उरकून टाकू." मी नको म्हटलं. ते ऐकेनात, म्हणून जास्तीच्या आलेल्या सहा-आठ जुड्या आधी तशाच ओल्या करून बघायचं ठरलं. फोडणी खमंग झाली होती, पण पाला पडताच कढईचा आवाजच बंद झाला. दोन मिनिटांत तळाशी पाणी साचलं. ते आटवता आटवता पाला मऊ, काळपट झाला आणि शेपूचा तो वास, ज्याच्यासाठी माणसं शेपू खातात, तो उडून गेला. काका स्वतःच म्हणाले, "हे देवीपुढे नाही ठेवायचं." वरून बेसन पेरून त्यांनी तिची झकास पीठ पेरलेली भाजी केली आणि आम्ही सगळ्यांनी दुपारी तीच खाल्ली.

खरं काम पाणी काढण्याचं होतं. मोठ्या टोपांत भाजी तीन पाण्यांतून काढली. पाणी ओतून द्यायचं नाही, पाला वर उचलून घ्यायचा, म्हणजे माती खाली राहते. धुणं चिरण्याच्या आधीच. चिरून धुतली तर चव पाण्यात जाते आणि पाला पाणी धरतो. पण एवढी ओली भाजी पावसाळी हवेत निथळणार कधी? भाकरीवाल्या मावशी मुरबाडकडच्या. त्यांनी धुतलेलं जुनं सुती लुगडं मागितलं, त्यात भाजीचं गाठोडं बांधलं, पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी गरागरा फिरवायला लागल्या. पाण्याचे फवारे भिंतीवर उडत होते. मग आम्ही तिघी-चौघी तेच करू लागलो. उरलेली ओल पंख्याखाली पंच्यांवर पसरून घालवली. त्या सुकवण्याने दिवस वाचवला, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

मग हिशेब केला. साठ जुड्या, तीन शेगड्या, तीन लोखंडी कढया. एका कढईत एका वेळी चारच जुड्या. म्हणजे पंधरा घाणे, प्रत्येक शेगडीवर पाच. एक घाणा दहा मिनिटांचा धरला तरी तासाभरात सगळं मोकळं. मोठ्या कढईत दोनदा केली असती तर पाणी आटवण्यातच याहून जास्त वेळ गेला असता. काकांनी हिशेब ऐकला आणि मधली शेगडी मुकाट्याने स्वतःकडे घेतली.

तेल चांगलं तापवायचं. मोहरी, जिरं, हिंग, मिरचीचे तुकडे. भिजवून निथळलेली मुगाची डाळ आधी दोन-तीन मिनिटं परतायची, कारण पाल्याच्या वेळात ती शिजत नाही. मग मोठ्या आचेवर चिरलेला शेपू, आणि हात थांबवायचा नाही. झाकण अजिबात नाही. पानातला आंबटपणा वाफेबरोबर निघून जायला हवा. झाकण ठेवलं की तो परत भाजीवरच ठिबकतो आणि हिरवा रंग मळतो. मीठ अगदी शेवटी. भरलेली कढई बघून मीठ घातलं तर भाजी खारट होणारच, कारण पाला बसून मूठभर होतो. शिवाय आधी घातलेलं मीठ पानातलं पाणी ओढून काढतं. लाल माठाला डाळ नाही, उतरवताना ओलं खोबरं.

चारनंतर तिन्ही कढया एकदम चुरचुरायला लागल्या आणि माझ्या जिवात जीव आला. त्या आवाजावर माझा भरवसा आहे. तो मंदावला की समजायचं, कढईत पाणी झालंय किंवा पाला जास्त पडलाय. काका तर भाजीकडे न बघता नुसत्या आवाजावर आच कमी-जास्त करू लागले होते.

झालेली भाजी कढईत ठेवली नाही. लगेच परातींत पातळ पसरली. गरम गरम डब्यात भरून झाकण लावलं असतं तर सगळी मेहनत वाफेने वाया गेली असती. वाफ गेल्यावरच डबे भरले, शेजारी मावशींच्या ज्वारीच्या आणि तांदळाच्या भाकऱ्या.

सव्वापाचला पहिल्या आजी आल्या. त्यांनी झाकण उघडून रंग बघितला, वास मात्र घेतला नाही, नैवेद्याचं होतं ना. "हिरवी राहिली हो," एवढंच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

डबे जात होते तेव्हाच एका सोसायटीने पुढच्या वर्षासाठी दीडशे घरांची भाजी विचारली. काका माझ्याकडे बघत होते. मी साठच्या वर घेणार नाही म्हणून सांगितलं. कढई मोठी घेता येईल, पण पालेभाजीला ती उपयोगाची नाही. आणखी शेगड्या लावायला जागा झाली आणि त्यांच्यापाशी उभं राहणारे हात मिळाले, तर आकडा वाढवीन. तोवर बाकीच्यांना मी कृती लिहून देते. एका जुडीची भाजी घरी दहा मिनिटांत होते.