४७२ फोटो आणि एक ‘ऱ्या’

अखेर चढले! माझ्या मॉडेल रेल्वेचे ११८ नग, प्रत्येकी चार फोटो, सगळे कॅटलॉगच्या प्रोग्रॅममध्ये आपापल्या नोंदीला चिकटले. पण मधले चार दिवस कुठे गेले ते ऐका.

फोटोसाठी केलेल्या थर्माकोलच्या लाइटबॉक्सचं कौतुक मागे सांगून झालंय, पुन्हा उगाळत नाही. सगळं कलेक्शन दोन दिवसांत टिपून झालं. फाइलची नावंही शिस्तीत: कॅटलॉग नंबर, पुढे ‘समोरून’, ‘खालून’, ‘एका बाजूने’, ‘दुसऱ्या बाजूने’. तीच नावं एक्सेल शीटमध्ये. प्रोग्रॅमला शीट दिली, फोल्डर दिला, बटण दाबलं आणि चहा टाकायला गेलो. येऊन बघतो तर ३५४ लागलेले, ११८ बेवारस. आणि बेवारस सगळे ‘दुसऱ्या बाजूने’.

आधी वाटलं फाइल जड असतील. हलक्या केल्या. मग नावातल्या मोकळ्या जागेवर संशय. पण मग ‘एका बाजूने’ कसे चढले? शीटमधलं नाव नि फाइलचं नाव शेजारीशेजारी ठेवून भिंगातून पाहिलं (डबे जोडणाऱ्या कपलरची स्प्रिंग शोधायचं तेच भिंग). काना-मात्रेचा फरक नाही. चौथ्या रात्री वैतागून एक्सेलमध्ये ‘लेन’ (नावातल्या खुणा मोजणारं सूत्र) लावलं. शीटमधल्या ‘दुसऱ्या’ची लांबी ७, फाइलमधल्याची ८!

भानगड ऱ ची. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ऱ स्वतंत्र अक्षर आहे, आणि साध्या र ला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) जोडूनही तोच ऱ दिसतो. माझे फोटो एका जुन्या एक्सटर्नल डिस्कवर होते. तिची फाइल सिस्टिम नाव साठवताना ऱ असा सुटा करून ठेवते. आपल्याला एकच, प्रोग्रॅमला दोन वेगळी नावं.

फोटो त्या डिस्कवरून हलवून घाऊक रिनेम मारला. १०३ लागले, १५ अडून बसले. त्यांचीही लांबी ८, पण नुक्ता नाही! ही नावं जुन्या फोनेटिक कीबोर्डवरची निघाली: र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. ते काढून ऱ घातला, १४ सुटले. राहिलेल्या एकाला मीच ‘दूसऱ्या’ असं नाव दिलं होतं.

हा कॅटलॉगचा प्रोग्रॅम फुकट आहे म्हणून जास्त बोलत नाही. पण गेजचा (रुळांमधल्या अंतराचा) रकाना आहे आणि स्केलचा (खऱ्या गाडीच्या किती पट लहान त्याचा) नाही, हे काय? जर्मन गाड्यांचं एचओ १:८७, ब्रिटिश गाड्यांचं ओओ १:७६, दोन्ही १६.५ मिमी रुळावर; त्यामुळे माझ्या ब्रिटिश गाड्या जर्मन गाड्यांत जाऊन बसल्यात. ते हाताने निस्तरायचं आहे.

पुढच्या खेपेला नावात नुसते आकडे ठेवायचं ठरवलं होतं. पण लिहितालिहिता सुचलं, नावं हवीत कशाला? प्रत्येक नगाआधी नंबरच्या चिठ्ठीचा एक फोटो काढायचा, मग चिठ्ठी ते चिठ्ठी एक गठ्ठा. मालडब्यांवर करून बघतो.

‘खालून’ फोटो मात्र वसूल झाले. मार्कलिन या जर्मन कंपनीचा क्रोकोडाइल, म्हणजे आपल्या घाटातल्या ‘खेकडा’ इंजिनाचा, डब्ल्यूसीजी-१ चा, स्विस भाऊ. मधल्या रुळावरून करंट घेणारा त्याचा स्लायडर एका बाजूला पार घासलाय. तो वळणावर अडखळायचा आणि मी रूळ घासत बसायचो. आधी स्लायडर मागवतो, मालडबे थांबतील.