रिठ्याचे २२ मिलिमीटर

पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा हिरड्यांच्या रोगातला नामचीन जंतू. त्याला ऑक्सिजन चालत नाही, हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेलं ब्लड अगार (रक्त मिसळलेलं जेलीसारखं माध्यम) लागतं, आणि एवढे लाड पुरवूनही तो आठवडाभर वाट बघायला लावतो. कोणते वनस्पतींचे अर्क त्याला मारतात ते मी तपासते, आणि त्यामुळे सातव्या दिवशी प्लेट्सचा ऑक्सिजनविरहित जार उघडताना मी नेहमीच जरा उतावीळ असते.

झाकण सैल करताच नेहमीचा आंबूस-कुजकट भपकारा आला. आतली निर्देशक पट्टी पांढरीच होती, म्हणजे हवा शिरलेली नव्हती. प्लेट्सवर काळसर थर छान धरला होता. बाभळीच्या सालीच्या अर्काभोवती तपकिरी कडं होतं, पण तो अर्काचाच रंग. त्याला मी आता फसत नाही. मग रिठ्याची प्लेट हातात घेतली. वेलभोवती, म्हणजे अर्क ओतायला अगारमध्ये पाडलेल्या छिद्राभोवती, लख्ख, आरपार दिसणारं वर्तुळ. जंतू मेल्याची खूण! पट्टी लावली तर २२ मिलिमीटर! शेजारी तुलनेला ठेवलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या वर्तुळापेक्षाही मोठं. वहीत आकडा लिहिला आणि लगेच मॅडमना मेसेज टाकला: ‘रिठा २२!!’ दोन उद्गारचिन्हं. आता आठवलं की लाज वाटते.

त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘कोऱ्या प्लेटवर टाकून पाहिलास?’

पोटात खड्डा पडला. अर्क गाळताना फिल्टरच्या वर फेस जमला होता, आणि मी तो कौतुकाने बघत बसले होते. फेस म्हणजे सॅपोनिन. सॅपोनिन तांबड्या रक्तपेशींचं आवरण फोडतं, आणि माझं माध्यम तर रक्ताचंच!

प्लेट दिव्याखाली तिरकी धरली. क्लोरहेक्सिडीनच्या वर्तुळात पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होता. रिठ्याच्या वर्तुळात मात्र बारीक खरखर दिसत होती, ओल्या काचेवर धूळ बसावी तशी. तारेच्या लूपने तिथलं जरासं उचललं, स्लाइड केली, ग्रॅम स्टेनने जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गुलाबी, आखूड, गुबगुबीत दांडुके, हवे तितके. मरणं दूरच, मजेत वाढले होते. फक्त त्यांच्याखालचं रक्त फुटून माध्यम पारदर्शक झालं होतं.

तरी मन मानेना. संध्याकाळी जंतू न लावलेल्या ब्लड अगारवर वेल पाडली, तेवढाच अर्क ओतला आणि प्लेट साध्या इनक्युबेटरमध्ये ३७ अंशांवर ठेवली. जार नाही, आठवडा नाही.

सकाळी तिच्यावर तसंच लख्ख वर्तुळ. मारायला एकही जंतू नसताना २१ मिलिमीटर.

वहीत २२ वर आडवी रेघ मारली, शेजारी ‘रक्त फुटलं, जंतू जिवंत’ असं लिहिलं, आणि हेमिन-व्हिटॅमिन के घातलेल्या, रक्त नसलेल्या ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) रिठ्याची चाचणी नव्याने लावायला घेतली. मॅडमना पाठवलेल्या फोटोखाली या वेळी उद्गारचिन्ह नव्हतं.