अर्नोच्या संगमावर आपले राजाराम महाराज

फ्लॉरेन्सला येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. ब्रुनेलेस्कीचा घुमट, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, जुन्या पुलावर फोटो, की संध्याकाळच्या गाडीनं रोम. कोल्हापूरच्या माणसानं मात्र इथं अर्धा दिवस जास्तीचा काढावा, असं माझं मनापासून सांगणं आहे. शहराच्या पश्चिम टोकाला, कासिने नावाच्या बागेच्या शेवटी, आपल्या एका छत्रपतींची छत्री आहे.

हे राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांच्याही आधीचे. (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज वेगळे, त्यांच्यात गल्लत नको.) 1850 चा जन्म, 1866 मध्ये गादीवर आले आणि 1870 मध्ये इंग्लंडचा प्रवास केला. समुद्र ओलांडणं हीच तेव्हा मोठी गोष्ट. इंग्रजीत ते रोजनिशी लिहीत, ती त्यांच्या मागे छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला मुक्काम असताना आजार बळावला आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते गेले. वय अवघं वीस वर्षं.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची इथं चाल नव्हती, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. जागा निवडली ती अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावरची. आपल्याकडं प्रयाग चिखलीच्या संगमाला जे महत्त्व आहे, ते ध्यानात घेतलं की ही निवड का झाली ते वेगळं सांगावं लागत नाही. घरापासून इतक्या लांब, परक्या मुलखात, सोबतच्या माणसांनी आधी दोन नद्या जिथं मिळतात ती जागा शोधली. मला या सगळ्या हकिगतीत हेच सगळ्यात मोठं वाटतं.

1874 मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं. चार खांब, वर घुमटी आणि आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा: डोक्यावर पगडी, अंगावर दागिने, चेहरा अगदी कोवळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्री मेजर मँट यांची. मँट म्हणजे तेच, ज्यांनी आपला न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल आखला. टाऊन हॉलच्या बागेत बसून भेळ खाल्लेल्या कुणालाही ती कमान, तो घुमट इथं ओळखीचा वाटेल. 1978 मध्ये शेजारीच अर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही नाव मिळालं 'इंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल. त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. तो भारतीय कोण, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला कोल्हापूरचं नाव घेऊन सांगते.

बाकी शहरही नदीकाठच्या माणसाला जवळचं वाटावं असंच. लोकसंख्येनं कोल्हापूरपेक्षा लहान. जुना पूल 1345 चा. त्यावर आधी खाटकांची दुकानं होती, 1593 मध्ये त्यांना हलवून सोनारांना जागा दिली. म्हणजे आपली गुजरीच, फक्त पाण्यावर! 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा तेवढा राहिला.

आणि पूर. सान रेमिजो गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत जुनी शिळा आहे. लाटा कोरलेल्या आणि एक हात बोटानं दाखवतोय की 4 नोव्हेंबर 1333 ला पाणी इथवर आलं. तिच्या वर 1966 च्या पुराची पाटी आहे. तारीख पुन्हा 4 नोव्हेंबरच. मान वर करून ती रेघ बघताना मला 2019 आणि 2021 ची शाहूपुरी आठवली. राजाराम बंधाऱ्याची पातळी 43 फुटांवर गेली की आपल्याकडं जीव कसा टांगणीला लागतो, ते इथल्या जुन्या माणसांना सांगितलं तर लगेच कळतं. 1966 ला देशोदेशीची तरुण पोरं ग्रंथालयातली चिखलानं माखलेली पुस्तकं हातोहात बाहेर काढायला धावून आली होती. लोक त्यांना आजही 'चिखलातले देवदूत' म्हणतात. आपल्या तालमींच्या पोरांनी पुरात जे केलं, त्याच्याही पाट्या गावात लागायला हव्यात.

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेकाठी, उत्खननात रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती निघाली होती, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. इटलीशी आपला संबंध इतका जुना आहे. इकडं यायच्या आधी ती बघून या.

इथं आलात की टी वन ट्रामनं कासिने थांब्यावर उतरा. मंगळवारी सकाळी तिथं आठवड्याचा बाजार असतो, तो ओलांडून नदी डाव्या हाताला ठेवायची आणि सरळ चालत राहायचं. पाऊण तासात पूल दिसतो. छत्री त्याच्या अलीकडंच, झाडीत आहे. फुलं बाजारातच घ्या, पुढं काही मिळत नाही.