एका नाण्यावरचे दोन राजे

सकाळी सातलाच पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला लागलो. आदल्या संध्याकाळी नाशिकमधल्या एका नाणेसंग्राहक काकांनी चांदीचं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं होतं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नव्हतं.

जेमतेम दोन ग्रॅमचं, बोटाच्या पेराएवढं. राजाचा चेहरा, कडेला मोडकीतोडकी ग्रीक अक्षरं, आणि गालावर जोरात उमटलेला तीन कमानींचा डोंगर. "हा खालचा नहपान, आणि वरून ठोकलाय तो गौतमीपुत्राचा ठसा," काका म्हणाले. "भिंगातून बघा, नाकाचा शेंडा शिल्लक आहे." होता! नाणं उलटवलं, तर बाण आणि वज्राच्या पुसट रेषांवर उज्जैन चिन्ह बसलेलं: अधिकची खूण आणि तिच्या चार टोकांना चार गोल.

नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता; गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहन घराण्याचा राजा. गौतमीपुत्राने त्याला हरवलं याचा सगळ्यात भक्कम पुरावा १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, गोदाकाठी सापडला. सुमारे १३,२५० चांदीची नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. म्हणजे दर दहांतली सात. मधल्या कुठल्याच राजाचं नाणं त्यात नाही, म्हणून एकाकडून सत्ता थेट दुसऱ्याकडे गेली असं अभ्यासक म्हणतात. ठसा नसलेली नाणीही त्याच ठेव्यात होती. मला यातून दिसतं ते असं, की राज्य बदललं तरी जुनी चांदी बाजारात चालत राहिली असणार. हा ठेवा एखाद्या सोनाराच्या मुशीत गेला असता, तर हे प्रमाण आपल्याला कधीच कळलं नसतं.

वर पोचलो तेव्हा लेण्यांत गारवा होता. आधी दहावं लेणं. नहपानाचा जावई उषवदात याने ते कोरवून घेतलं, आणि त्याच्या शिलालेखात पैशाचा इतका नेमका हिशेब आहे की मी तिथेच बसून आकडेमोड केली. त्याने गोवर्धनच्या (नाशिकजवळचं तेव्हाचं गाव) कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे झाले २४०. लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशेब पैशापैशाला जुळतो! शिवाय ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा दरही तिथेच कोरलेला आहे. हे कार्षापण म्हणजे बहुधा काकांच्या घरी पाहिलं तसलंच नाणं. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकमधले विणकर ठेवी घेत होते, व्याज देत होते, आणि त्यांच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास होता. मला तर लढाईपेक्षा हेच मोठं वाटतं.

मग तिसरं लेणं. इथे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मुलाचं वर्णन आहे, 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. पण मी जास्त वेळ थांबलो तो ओसरीतल्या गौतमीपुत्राच्या आदेशापाशी. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला कळवलं, की अमुक गावातलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत इथल्या भिक्खूंना दिलं आहे. कुठलं शेत? तर आजवर उषवदाताकडे असलेलं. खाली जुना मालक, वर नव्याचं नाव. नाण्यावर जे झालं तेच शेताचं झालं.

दुपारी जोगलटेंभीला जाऊन आलो. ठेव्याची खूण म्हणून बघण्यासारखं काही हाती लागलं नाही. नदी होती, वावरं होती.

संध्याकाळी पुन्हा काकांकडे गेलो. विचारलं, "हे त्या ९,२७० पैकीच असेल का हो?"

काका गप्प झाले. ते त्यांच्या आजोबांनी एका सराफाकडून घेतलेलं. सराफाला कुणी दिलं, कुठल्या जमिनीतून निघालं, सोबत आणखी काय होतं, कुणी लिहून ठेवलं नव्हतं. "राजे दोन्ही ओळखता येतात," ते म्हणाले, "पण गाव सुटलं की अर्धं नाणंच हरवतं."

नाणं त्यांनी कागदी पाकिटात परत ठेवलं. पाकिटावर वजन, धातू, राजा, सगळं सुबक अक्षरात होतं. 'स्थळ' या शब्दापुढे फक्त एक आडवी रेघ.