दुसऱ्या गिअरपुढचं काय?

जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे. घ्यायचं काही नसतं. कोण काय विकतंय आणि का विकतंय, एवढंच कुतूहल. नेहमीची घरगुती गाडी विकायला निघते तेव्हा तिच्या अंगावर सगळा संसार उमटलेला असतो. मागच्या सीटवर डाग, दारावर ओरखडे, डिकीत कुणाचा तरी राहून गेलेला चेंडू आणि मीटरवर लाखभर किलोमीटर. मालकाने ती पुरेपूर वापरलेली असते. आता स्पोर्ट्स कारचा रकाना बघा. गाडी दोन-तीन वर्षांची, पहिलाच मालक, ओरखडा नावालाही नाही, आणि चाललेली किती, तर चार हजार किलोमीटर. विकण्याचं कारण: वापर होत नाही.

जिच्यासाठी माणसाने वर्षानुवर्षं पैसे साठवले, जिच्या सीटच्या शिलाईचा दोरा लाल घ्यावा की पिवळा यावर झोप घालवली, तिचा वापर होत नाही?

चटकन सुचणारं उत्तर म्हणजे नव्याचे नऊ दिवस. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याच स्वभावावर निबंध लिहिला. माणूस सुखाला सरावतो आणि फिरून होता तिथेच येऊन उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं असेल, पण इथे पुरत नाही. नवलाई फ्रिजचीही ओसरते. म्हणून दहाव्या महिन्यात कुणी फ्रिज विकायला काढत नाही. नवलाई गेली तरी फ्रिजचं काम शिल्लक राहतं. स्पोर्ट्स कारची नवलाई गेल्यावर खाली काय शिल्लक राहतं, हा खरा प्रश्न आहे.

काही कारणं अगदीच सरळ असतात. घरात पाळणा हलतो आणि दोन सीटच्या गाडीत तिसरा जीव मावत नाही. धंदा बसतो. नवीन मॉडेल येतं आणि त्यात वीस हॉर्सपॉवर जास्त असतात. आणि एक जात निव्वळ व्यापाऱ्यांची, विकण्यासाठीच घेणाऱ्यांची. त्यांच्या भीतीने फोर्ड कंपनीने आपली नवी 'जीटी' काढली तेव्हा गिऱ्हाइकांकडून अर्ज मागवले, निवड केली आणि दोन वर्षं गाडी विकणार नाही असं लिहून घेतलं. तरी पैलवान-नट जॉन सीना याने गाडी मिळाल्यावर थोड्याच आठवड्यांत विकली. कंपनीने २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्याकडेच ठेवावी म्हणून कंपनीला कोर्टात जावं लागतं, हा प्रकार मला अजून नीट पचलेला नाही.

पण हे लोक सोडून द्या. मला कुतूहल आहे ते मनापासून घेतलेल्यांचं.

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी अशी गाडी घेतली आणि वर्षाच्या आत विकली. पैशाची अडचण नव्हती. गाडीने त्रासही दिला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "गाडी फार चांगली होती हो. पण तिला घेऊन जायचं कुठे?"

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. गतिरोधक दिसला की गाडी तिरकी घालायची, नाहीतर नाक घासतं. नाक वर उचलायला बटण असतं, पण ते आठवेपर्यंत आवाज झालेला असतो. तळघरातल्या पार्किंगचा उतार म्हणजे रोजची परीक्षा. बाहेर कुठे लावली तर जेवणात लक्ष नाही. शेजारच्या गाडीचं दार कोण कसं उघडेल याचाच घोर. सिग्नलला थांबलं की डावीकडचा मोबाइल काढून शूटिंग करतो आणि उजवीकडचा पोरगा विनाकारण इंजिन घुमवून आव्हान देतो. गृहस्थ स्वभावाने भिडस्त. चारचौघांत उठून दिसायचं म्हणजे त्यांना घाम फुटतो, आणि त्यांनी घेतली होती केशरी रंगाची गाडी. वहिनी तर एकदाच बसल्या. "बसताना आत पडावं लागतं आणि उतरताना कुणीतरी ओढावं लागतं," हा त्यांचा अभिप्राय. पुढे त्या दोघांना कुठे जायचं असलं की घरातली जुनी गाडीच निघायची.

तरी मला वाटतं, ही कारणं माणूस नंतर गोळा करतो. गाडी मनातून उतरली की नाक घासल्याचं दुःख जास्त होतं. उतरते का, याचं उत्तर वेगाच्या काट्याजवळ सापडतं.

पोर्शेची २०२१ साली आलेली '९११ जीटी३' घ्या. चार लिटरचं इंजिन, ५१० हॉर्सपॉवर, मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारं. शंभराचा वेग साडेतीनेक सेकंदांत. कमाल वेग ३२० किलोमीटरच्या आसपास. आता ती रस्त्यावर आणा. बऱ्याच देशांत महामार्गावरची मर्यादा शंभर ते एकशेतीसच्या दरम्यान असते. म्हणजे या गाडीचा दुसरा गिअर संपत येतो तेव्हा कायदाही संपत आलेला असतो. वर उरलेले गिअर इंजिन शांत ठेवायच्या कामाचे. ज्या नऊ हजार फेऱ्यांच्या किंकाळीसाठी अभियंत्यांनी रात्री जागवल्या, ती ऐकायची तर दोन-तीन सेकंद मिळतात. लगेच पाय उचलायचा, कारण पुढे ट्रक आहे, वळण आहे, कॅमेरा आहे. गाडीला अजून घसाही खाकरायला मिळालेला नसतो.

बुगाटीच्या 'व्हेरॉन'मध्ये तर हे सगळं एका किल्लीत आणून ठेवलं होतं. २००५ साली आलेली ही गाडी: आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो, १,००१ हॉर्सपॉवर, कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर. पण नेहमीच्या किल्लीवर ती ३७५च्या पुढे जात नसे. त्यावर जायचं तर गाडी उभी करून दुसरी किल्ली फिरवायची. मग गाडी आणखी खाली बसते, मागचा पंख आत येतो, आणि मग निघायचं. निघायचं खरं, पण कुठे? कंपनीच्या तेव्हाच्या मालकांकडे, म्हणजे फोक्सवॅगनकडे, जर्मनीतल्या एरा-लेसिन इथे चाचणीचा ट्रॅक आहे, पावणेनऊ किलोमीटरच्या सरळ रस्त्याचा. गिऱ्हाइकाकडे तो नसतो. शिवाय त्या वेगाला शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते. जगात फिरणाऱ्या व्हेरॉनांपैकी बहुतेकींच्या त्या दुसऱ्या किल्ल्या टेबलाच्या खणातच राहिल्या असणार. मालक मात्र पाहुण्यांना ती किल्ली नक्की दाखवत असेल.

यात गाडीची फसवणूक नाही. कागदावर लिहिलेलं सगळं ती करून दाखवते. फक्त आपण पैसे मोजतो ३२०चे आणि हातात पडतात ऐंशी. पहिले काही आठवडे ते उरलेले दोनशेचाळीस आपल्याकडे आहेत, हवे तेव्हा काढता येतील, या जाणिवेतच मजा असते. मग कधीतरी कळतं, की ते काढायची वेळ येणार नाही.

त्यात मीटरची भीती. घरगुती गाडीचे किलोमीटर वाढले तर कुणाला काही वाटत नाही. इथे मात्र प्रत्येक किलोमीटर पुढच्या किमतीतून कापला जातो. म्हणून मालक गाडी काढत नाही. काढत नाही म्हणून बॅटरी उतरते, मग भिंतीतून वायर ओढून गाडीला कायम चार्जर लावून ठेवायचा. एकाच जागी उभं राहून टायर चपटतात. झिजले नाहीत तरी रबर वयाने कडक होतंच. काही इंजिनांमध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे आतले भाग एका ठेक्यात फिरवणारा पट्टा असतो. तोही गाडी चालली नाही म्हणून जुना व्हायचा थांबत नाही. ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो. फेरारीच्या 'एफ३५५'मध्ये त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. म्हणजे न चालवलेल्या गाडीचं इंजिन काढायचं, न झिजलेला पट्टा बदलायचा, आणि पुन्हा झाकून ठेवायची. कुणासाठी? पुढच्या मालकासाठी. आपल्या पैशाने आणि आपल्या काळजीने आपण एका अनोळखी माणसाची गाडी सांभाळतोय, हे ज्या दिवशी ध्यानात येतं, त्याच संध्याकाळी जाहिरातीसाठी फोटो काढले जात असावेत.

उलट वागणाराही एक आठवतो. आपल्याला 'मिस्टर बीन' म्हणून माहीत असलेले रोवन ॲटकिन्सन. त्यांनी १९९७ मध्ये 'मॅक्लारेन एफ१' घेतली. मधोमध ड्रायव्हरची सीट असलेली आणि उष्णता अडवायला इंजिनाच्या कप्प्यात सोन्याचा पत्रा लावलेली ही गाडी; एकूण १०६च बनल्या. दुसरा कुणी असता तर काचेच्या खोलीत ठेवून रोज पुसली असती. ॲटकिन्सननी ती ४१ हजार मैल चालवली. दोनदा आपटली. दुसऱ्या वेळी, २०११ मध्ये, विम्याच्या कंपनीला दुरुस्तीपोटी नऊ लाख पौंडांवर मोजावे लागले. तरी सोडली नाही. पुढे २०१५ मध्ये विकली तेव्हा किंमत आली ऐंशी लाख पौंडांच्या घरात. हे वाचून कुणी हुरळून आपली गाडी दिव्याच्या खांबावर घालू नये; १०६मधली एक असण्याचा तो प्रताप आहे. पण अठरा वर्षं त्या माणसाला आपली गाडी पुरली, ती त्याने साध्या कामांना साध्या गाडीसारखी नेली म्हणून, असा माझा समज आहे.

आणखी एक गंमत आहे. गाडी जितकी सुधारत जाते तितकी लवकर कंटाळा आणते. जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर अरुंद, ब्रेक बेताचे, स्टिअरिंग जड. साठाच्या वेगालाही तिच्याशी दोन हात करावे लागत. वळणावर मागचा भाग सुटू पाहायचा, आणि तो सांभाळला की आपण काहीतरी केलं असं वाटायचं. आजच्या गाडीला साठाच्या वेगाचं वळण म्हणजे वळणच नव्हे. टायर इतके चिकट, गिअर इतके झटपट आणि संगणक इतका जागा, की चालवणाऱ्याकडे काम असं उरतच नाही. जिथे तिला घाम फुटतो तो वेग आपल्याला रस्त्यावर झेपणारा नाही, आणि जो झेपतो त्या वेगाला ती जांभई देते.

कंपन्यांना हे उमजलंय. पोर्शेने २०१३च्या जीटी३मधून हाताचा गिअर काढून टाकला होता. कारण सरळ होतं, संगणकाचा गिअर जास्त वेगवान. चाहत्यांनी इतका गहजब केला, की २०१७ मध्ये तोच हळू गिअर पुन्हा द्यायला लागला. विजेच्या गाड्यांची तर याहून मजा. त्यांना मुळात गिअर बदलावे लागत नाहीत. पाय दाबला की गाडी सुटते, दरवेळी तशीच, आवाज न करता. चार मित्रांना एकेकदा दाखवून झालं की खेळ संपला. म्हणून ह्युंदाईने आपल्या 'आयोनिक ५ एन'मध्ये खोटे गिअर घातले. हात मारला की संगणक मुद्दाम हिसका देतो, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज सोडतो. सहाशेवर हॉर्सपॉवरची गाडी करायची आणि तिला पुन्हा धडपडायला शिकवायचं!

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे माझ्दाची 'एमएक्स-५'. १९८९ साली आली तेव्हा १.६ लिटरचं इंजिन, सव्वाशेच्याही आत हॉर्सपॉवर, वजन टनाच्या खाली. शेजारची घरगुती गाडीही सरळ रस्त्यावर तिला मागे टाकेल. पण तिचे गिअर पिळून काढता येतात, आणि तेही लायसन्स खिशात ठेवून. २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. मंद गाडी जोरात हाकण्यात जी मजा आहे ती वेगवान गाडी मुंगीच्या पावलांनी नेण्यात नाही, हे गाड्यांचे शौकीन फार पूर्वीपासून सांगत आलेत. ऐकतो कोण? मंद गाडीचं पोस्टर भिंतीवर लावून कुणी लहानाचा मोठा झालेला नसतो.

मग ट्रॅकवर न्यावी, असं कुणीही म्हणेल. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर ठरलेल्या दिवशी आपली गाडी घेऊन जाता येतं, वीस किलोमीटरहून लांब फेरी आहे. पण ट्रॅकवर एका दिवसात टायरचं आणि ब्रेकचं कित्येक महिन्यांचं आयुष्य संपतं, आपटली तर बहुतेक विमे हात वर करतात, आणि गाडी ट्रॅकवर पळवली होती का हा पुढच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो. ज्यांना खरोखर ट्रॅकचं वेड लागतं ते शेवटी एखादी हलकी, स्वस्त, आतून सगळं उचकटून काढलेली गाडी त्यासाठी वेगळी घेतात. महागडी घरीच राहते.

म्हणजे त्या ३२० किलोमीटरवर पुरता ताबा असतो तो फक्त गाडी दारात येण्याआधी. ऑर्डर दिल्यापासून किल्ली मिळेपर्यंत. त्या काळात ना उतार आडवा येतो, ना ट्रक, ना मीटर. रोज रात्री माणूस संगणकावर तिची चाकं बदलून बघतो, रंग बदलतो आणि मनातल्या रिकाम्या रस्त्यावर सगळे गिअर टाकतो.

आमच्या त्या गृहस्थांनी परवा पुन्हा एक नोंदवली. या वेळी केशरी नाही, राखाडी. वहिनींनी तेवढी अट घातली. मी विचारलं, कधी येणार? खुर्चीत मागे रेलत ते आनंदाने म्हणाले, "अहो, रांग फार मोठी आहे. दोन वर्षं तरी लागतील!"