धुक्यातला तिसरा आवाज

सकाळी ६.५० ला कॅलिफोर्नियातल्या मर्सेड नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज या अभयारण्यात गाडी आत घेतली, तेव्हा दिव्यांच्या उजेडात जेमतेम दहा पावलं खडीचा रस्ता दिसत होता. त्यापुढे सगळं पांढरं. इंजिन बंद केलं, काच खाली केली. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून हजारो गळ्यांचा कालवा चालला होता आणि पक्षी मात्र एकही दिसत नव्हता.

या धुक्याला इथे टूली फॉग म्हणतात. टूली म्हणजे इथल्या पाणथळीत वाढणारं, लव्हाळ्यासारखं उंच गवत. पाऊस पडून गेला, आकाश निवळलं आणि वारा पडला की कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतली ओली जमीन रात्रभर निवत जाते आणि पहाटेपर्यंत ही अख्खी दरी दुधाने भरल्यासारखी होते. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे थंड हवेला जायला वाट नाही. पाचेको घाट चढताना चांदण्या स्वच्छ दिसत होत्या. लॉस बॅनोस येईपर्यंत पुढच्या ट्रकचे लाल दिवेही दिसेनासे झाले. सँडी मश रोडचं वळण एकदा हुकलं, परत फिरून सापडलं. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातून एरवी दोन तासांचा रस्ता, आज तीन तास लागले.

इथे येण्याचा हा माझा तिसरा हिवाळा. दरवर्षी मी एकाच फोटोसाठी येते. सूर्य वर येत असताना पांढऱ्या हंसांचा अख्खा थवा पाण्यावरून एकदम उठतो, तो क्षण. स्नो गूज आणि त्याचा धाकटा भाऊ शोभावा असा रॉस गूज, दोघंही आर्क्टिकमध्ये घरटी करतात आणि थंडीला इकडे उतरतात. मर्सेडला हिवाळ्यात असे साठ हजारांच्या घरात हंस आणि वीस हजारांवर सँडहिल क्रेन येतात. क्रेन म्हणजे सारसाच्या कुळातला पक्षी. मी त्यांना क्रौंच म्हणते, मला तो शब्द आवडतो.

त्या सकाळी उठणारा थवा दिसणार नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं. पण आता इतक्या लांब आलेच होते. खिडकीच्या काठावर तांदळाची पिशवी ठेवली. जुन्या जीन्सचा पाय कापून मी ती शिवलेली आहे. ५०० मिलिमीटरची लेन्स तिच्यावर अशी रुतून बसते की ट्रायपॉडची आठवण येत नाही. हीटर बंद. हे नवीन लोकांना मी आवर्जून सांगते: गाडीतली गरम हवा उघड्या खिडकीतून बाहेर जाताना लेन्ससमोर थरथरते आणि प्रत्येक फोटो किंचित विरघळल्यासारखा येतो. मग माणूस लेन्सला दोष देत बसतो. थंडीत कुडकुडायचं, पण हवा आतबाहेर सारखी ठेवायची.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून ऐकत बसले. हंसांचा आवाज म्हणजे शाळा सुटल्यावरचा गलका. त्याच्या खाली बदकांच्या शिट्ट्या. आणि या सगळ्याला चिरत जाणारी क्रौंचांची हाक, खोल, घरघरती, लांबवर पोचणारी. क्रौंचाची श्वासनलिका छातीच्या हाडात वळसा घेऊन बसलेली असते, तुतारीची नळी वळवलेली असावी तशी, म्हणून तो आवाज मैलभर लांबूनही ऐकू येतो. जोडीने हाका घालतात तेव्हा नराच्या एका हाकेला मादी साधारण दोन हाकांनी उत्तर देते. धुक्यात डोळे मिटून मी तेच मोजत होते. एक, दोन-दोन. एक, दोन-दोन. आणि त्यांच्या अगदी जवळून, दर थोड्या वेळाने, एक बारीक थरथरती शीळ. कुणी मुलाने मातीच्या शिट्टीत पाणी भरून फुंकावी तशी. म्हटलं, एखादा छोटा पाणटिवळा असेल. वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

साडेआठच्या सुमारास धुकं पातळ झालं, गेलं नाही. तेवढ्यात समोर चाळीस पावलांवर तीन आकृत्या उमटल्या. क्रौंच रात्र उथळ पाण्यात उभ्याने काढतात. कोल्ह्यासारखा कायोटी आला तर पाण्याचा आवाज होतो आणि जीव वाचतो. हे तिघं अजून पाण्यातच होते, घोट्यापर्यंत. दोन माना ताठ, तिसरा मान आखडून उभा. धुक्यात कॅमेऱ्याचा फोकस भटकतो, त्याला धरायला कड मिळत नाही. मी फोकस हाताने लावला. धुकं पांढरं असूनही कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवलं. अकरा फ्रेम घेतल्या. मग ते पुन्हा पांढऱ्यात विरून गेले.

दहा वाजता ऊन आलं आणि पाच मैलांचा तो गाडीरस्ता सगळा उघडला. पाण्यावर अमेरिकन कूट होते, आपल्याकडच्या वारकरी पक्ष्याचे भाऊबंद. काळं अंग, पांढरी चोच आणि कपाळावर छोटा टिळा. शेकाट्यांच्या कुळातले काळ्या मानेचे स्टिल्ट गुलाबी काटकुळ्या पायांवर चालत होते. आणि थापट्या! तलवार बदकं! ही दोन्ही नेमकी तीच, जी हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या तलावांवर उतरतात. तीच जात, तेच हिरवं डोकं, तीच फावड्यासारखी चोच पाण्यावरून फिरवणं. मी थापट्या पहिल्यांदा ओळखायला शिकले ते मराठी नावाने, त्यामुळे इथे त्याला शव्हलर म्हणताना जीभ अजूनही अडखळते. तलवार बदकाच्या नराची शेपटी आणि मानेवर चढत गेलेली ती पांढरी रेघ उन्हात किती सुंदर दिसते, हे कितीही फोटो काढले तरी पुरत नाही.

ही जागा राखली गेली त्याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. सेंट्रल व्हॅलीतल्या पाणथळ जमिनीपैकी ९० टक्क्यांहून अधिक शेतीसाठी आणि वस्तीसाठी बुजवली गेली. पक्ष्यांना हे कोण सांगणार? ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटेने येत राहिले आणि पाणी नाही म्हटल्यावर पिकांवर उतरले. शेतकऱ्यांचं नुकसान होऊ लागलं. १९४८ मध्ये ली कायदा झाला. त्यानुसार पक्ष्यांना चरायला सरकारने जमीन घ्यायची, म्हणजे ते पिकांकडे वळणार नाहीत. मर्सेडचं रेफ्यूज १९५१ चं, याच कायद्यातलं. आजही इथे पक्ष्यांसाठी मका आणि गहू पेरतात. पाणीसुद्धा ठरवून सोडलं आणि काढलं जातं.

एक गोष्ट मात्र पचवायला मला वेळ लागला. या रेफ्यूजच्या काही भागात हंगामात ठरावीक दिवशी बदकांची शिकार चालते. अभयारण्यात शिकार? मी पहिल्या वर्षी चिडून परतले होते. नंतर डक स्टॅम्पबद्दल वाचलं. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना हा तिकिटासारखा परवाना दरवर्षी विकत घ्यावा लागतो, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमीन घेण्यात आणि राखण्यात जातात. शिकार मला आजही बघवत नाही, त्या दिवशी मी येत नाही. पण मी स्वतः दरवर्षी २५ डॉलरचा तो स्टॅम्प घेते आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवते.

साडेअकराच्या सुमारास हंसांचा मोठा थवा रस्त्याच्या जवळ, गव्हाच्या कोवळ्या हिरव्यात चरत होता. काही हजार असतील. मी शंभर पावलं मागेच थांबले. पुढे एक गाडी उभी होती. तिच्यातून एक गृहस्थ उतरले, दार जोरात आपटलं आणि हात वर करून टाळ्या वाजवल्या.

सगळा थवा उठला. तो आवाज मी शब्दांत कसा सांगू? आधी पंखांचा, मग गळ्यांचा. आभाळ पांढरं झालं, त्याच्या सावल्या शेतावरून माझ्या गाडीवरून सरकत गेल्या. तीन हिवाळे ज्याच्यासाठी आले ते दृश्य समोर होतं, शटर १/२००० सेकंदावर लावलेलं होतं आणि माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं. एकोणतीस फ्रेम. ते फोटो मी इथे लावलेले नाहीत, आणि आता ते माझ्याकडेही नाहीत.

मी गाडी हळूच त्यांच्याजवळ नेली आणि शांतपणे सांगितलं की हे पक्षी आर्क्टिकपासून उडत आलेत, इथे ते परतीच्या प्रवासाची आणि अंड्यांची चरबी अंगावर चढवतात, आपल्या एका फोटोसाठी ती जाळायला लावू नका. ते म्हणाले, "तसेही उडतातच की ते." खरं आहे, उडतात. दुपारी दीडला एक बाल्ड ईगल शेताच्या टोकावरून आला तेव्हा सगळेच्या सगळे पुन्हा उठले. माझी लेन्स तेव्हा कुंपणाच्या तारेवर बसलेल्या खाटीक पक्ष्यावर होती. मी लेन्स वळवली नाही. नुसती बघत राहिले. गरुडाने एक घिरटी घातली आणि रिकाम्या पायांनी निघून गेला. दहा मिनिटांत थवा पुन्हा चरायला बसला. गरुडाला भूक होती.

तीनच्या पुढे ऊन पिवळं झालं आणि दक्षिणेच्या बाजूला गवतात मला ते तिघं सापडले. तेच सकाळचे, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, पण तसेच तिघं. दोघांच्या कपाळावर तांबडी कातडी, करड्या पिसांवर ठिकठिकाणी गंजाचे डाग. हे डाग त्यांच्या रंगाचे नसतात. क्रौंच लोहयुक्त चिखल चोचीने पिसांवर माखतात. तिसऱ्याच्या कपाळावर तांबडं काही नव्हतं, डोकं आणि मान विटकरी. म्हणजे गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. इथले बहुतेक छोट्या उपजातीचे, त्यांची घरटी पार अलास्कात. उंचीने हे पोर आईबापांएवढं झालेलं, एवढा प्रवास करून आलेलं, आणि तरीही आई चोचीने ढेकूळ उलथत होती आणि ते तिच्या पायाशी पाहत उभं होतं. ढेकळाखालून काहीतरी निघालं की पुढे होऊन टिपत होतं.

मग बाप काही पावलं लांब गेला. पिल्लाने मान वर केली, चोच उघडली, आणि आवाज आला. ती बारीक थरथरती शीळ.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पिल्लांचा आवाज वेगळा असतो हे मी वाचलेलं होतं, पण ऐकलेला नव्हता. तुतारीची नळी अजून वाढायची आहे, म्हणून हा गळा असा. वही काढून सकाळच्या प्रश्नचिन्हाशेजारी लिहिलं: पिल्लू. दोन तास मी जागची हलले नाही. फोटो फार काढले नाहीत, काढले ते बहुतेक एकाच गोष्टीचे. क्रौंच उडण्याआधी मान पुढे ताणून, वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर तसाच झुकलेला राहतो. फोटो काढणाऱ्यासाठी ही मोठीच खूण आहे. पण त्या झुकण्यातून घरच्यांना विचारणं चालतं असं मला पाहून वाटायला लागलं. आधी बाप झुकला, मग आई, पिल्लू चरतच होतं. दोघं पुन्हा सरळ झाले. दुसऱ्या वेळी तिघं झुकले आणि तीन-चार ढांगा टाकून उठले. त्या झुकण्याची फ्रेम या दिवसाची माझी सगळ्यात आवडती. पिल्लाची मान इतर दोघांपेक्षा किंचित जास्त पुढे आहे.

सूर्य पाचच्या पुढे बुडाला. मी मघाच्या पाणथळीजवळ आले होते. चारही दिशांनी क्रौंच रात्रीच्या मुक्कामाला यायला लागले, लांबच लांब ओळींत, माना सरळ ताणलेल्या. शटर १/३० वर आणून त्यांच्याबरोबर लेन्स फिरवत थोडे धूसर फोटो घेतले, नारिंगी आकाशावर नुसते पंखांचे फराटे. मग प्रकाश तेवढाही उरला नाही. कॅमेरा मांडीवर ठेवला. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने रेफ्यूज बंद होतं. हातात दहा मिनिटं होती.

पश्चिमेकडून अजून काही ओळी येत होत्या. आता फक्त आवाज. एक, दोन-दोन. आणि मागोमाग ती शीळ, अगदी डोक्यावर. आभाळाच्या शेवटच्या करड्या पट्टीवर तीन माना दिसल्या, दोन पुढे, एक मागे. पाय खाली सोडून ते समोरच्या पाण्यात उतरले आणि दिसेनासे झाले. थोड्या वेळाने अंधारातून मोठ्याने हाक आली, आणि बारीक आवाजाने कुणीतरी ओ दिली.